आधी नवी, मग जुनी

संग्रहालयातले लोक तिथल्या वकीलबाईंना पाठीमागे 'लाल दिवा' म्हणत, आणि हे त्यांच्या कानावर कधीच आलेलं होतं. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. चौकातला लाल दिवा बंद पडला की काय गोंधळ होतो, ते शिव्या देणाऱ्यांनीही पाहिलेलं असतं. खुपायचं ते एवढंच, की हे नाव ठेवलं होतं त्यांच्या सख्ख्या नणंदेनं.

नणंद त्याच इमारतीत, तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत बसायची. संग्रहालय खेळण्यांचं आणि खेळांचं होतं, लाकडी भोवऱ्यापासून व्हिडिओ गेमपर्यंत. जुनी गेमची यंत्रं कायमची मान टाकण्याआधी त्यांच्या पोटातला खेळ वाचून घ्यायचा, आणि मग नव्या संगणकाला त्या जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावून तोच खेळ त्यावर चालवायचा, हे तिचं काम. असं सोंग वठवणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात, आणि ते वठवणं खायचं काम नाही. जुनं यंत्र कुठे अडखळायचं, कुठे धापा टाकायचं, तेही नव्याला हुबेहूब करता यावं लागतं. शाळेत असतानाच तिनं घरातला रेडिओ, मिक्सर आणि इस्त्री ओळीनं उघडून ठेवली होती, तेव्हापासून थोरला भाऊ तिला 'ठिणगी' म्हणायचा. संग्रहालयातही तेच नाव चिकटलं.

तर लाल दिवा आणि ठिणगी एकाच घरात राहत होत्या, एकाच टेबलावर जेवत होत्या, आणि गेले काही दिवस दोघींचं भांडण एकाच यंत्रावरून चाललं होतं.

"कंपनी मेली," ठिणगी पोळीचा तुकडा हवेत धरून म्हणाली. "कंपनीचा मालक मेला. ज्यांनी खेळ लिहिला ते कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. मग परवानगी कुणाची मागत बसलीयस तू, वहिनी? भुतांची?"

"माणसं मरतात. हक्क इतक्या सहजासहजी मरत नाहीत," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि ठिणगीला त्याचाच जास्त राग यायचा. "आपल्याला जतनासाठी एक प्रत काढायची मुभा आहे. पण कंपनीनं घातलेलं कुलूप धन्याला न विचारता फोडायची नाही. तसा कायदाच आहे."

"धनी सापडत नसेल तर?"

"तर शोधायचा."

"आणि तोवर बॅटरी संपली तर?"

वकीलबाईंनी भाजी वाढली.

"माझ्या घरात एक कुलूप आहे आणि एक हातोडी," ठिणगीचा भाऊ ताटातून मान वर न करता म्हणाला. "मी मधलं दार. आपटायचं ते मलाच आपटा."

"अहो, तुम्ही जेवा."

"दादा, तू जेव."

निदान एवढ्या एका बाबतीत दोघींचं एकमत होतं.

यंत्र आलं होतं मालकीणबाईंकडून. कपाटाएवढं उंच, बाजूंवरची चित्रं विटलेली, आणि दांड्यावरचा लाल गोळा हजारो तळव्यांनी घासून पार पांढुरका झालेला. मालकीणबाईंचं एका सिनेमागृहाशेजारी गेम पार्लर होतं. इतर खेळ आले आणि गेले, पण एक खेळ त्यांनी कधी हलू दिला नाही. सगळे त्याला 'धुणेवाली' म्हणत. आभाळात ढग जमा होताहेत, आणि एक मुलगी या छतावरून त्या छतावर उड्या मारत दोऱ्यांवरचे वाळलेले कपडे गोळा करतेय. पायात घोटाळणारी एक मांजर आहे. आणि मोज्यांची जोडी जमली तरच गुण, सुटा मोजा फुकट. ज्या कुणाला हे सुचलं, त्याच्या घरी धुणं दुसऱ्यानं कुणी वाळत घातलेलं नसणार, असं ठिणगी म्हणायची.

कंपनी छोटी होती आणि चोरीला घाबरलेली होती. कुणी नक्कल करू नये म्हणून तिनं खेळ सांकेतिक करून ठेवला, आणि तो उलगडायची किल्ली ठेवली एका चिपमध्ये. ती चिप बॅटरीवर जगायची. वीज एक क्षण जरी तुटली तरी किल्ली विरून जायची, आणि पडद्यावर धुणेवालीच्या जागी नुसते रंगीत ठिपके उरायचे. पुढे कंपनीच बुडाली. बॅटऱ्या मात्र आपल्या वेळेवर संपत राहिल्या, आणि गावोगावची यंत्रं एकामागून एक आंधळी होत गेली.

राहिलं ते एवढं एक. कारण मालकीणबाईंनी दरवर्षी पार्लरच्या वर्धापनदिनी, स्वतःच्या हातानं, त्याची बॅटरी बदलली होती. त्यांची रीत ठरलेली. आधी नवी बॅटरी जोडायची, ती लागली याची खात्री करायची, मगच जुनी काढायची. तेवत्या दिव्याची ज्योत न विझवता वात बदलावी, तसं. त्या दिवशी त्या कुणाशी बोलत नसत, गिऱ्हाईक आलं तरी हातानंच 'थांबा' म्हणत. पार्लर बंद झालं तरी त्यांनी हा नेम मोडला नाही. यंत्र बैठकीच्या खोलीत आलं, आणि पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही, तर पाहुण्यांनी समजून घेतलं.

"आता माझे हात चहाचा कप सांभाळतात तेवढं पुष्कळ," यंत्र देताना त्या म्हणाल्या होत्या. "गेल्या खेपेला बॅटरी बदलताना एवढी थरथरले, की वाटलं, माझ्याच हातून जाणार ही. म्हणून तुमच्याकडे आणलं."

वकीलबाई तेव्हा तिथे उभ्या होत्या. ओळीनं इतकी वर्षं, कुणी बघत नसताना, कुणी सांगितलं नसताना ही बाई एक ज्योत सांभाळत आली, हे ऐकून त्यांना मनातल्या मनात हात जोडावेसे वाटले. पण त्या लाल दिवा होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "यंत्र तुमच्या मालकीचं आहे ना?"

"यंत्र माझं."

"आणि आतला खेळ?"

मालकीणबाई हसल्या. "तो तर खेळणाऱ्यांचा, वकीलबाई."

घोडं इथेच अडलं होतं. त्यात ठिणगीनं यंत्र उघडून पाहिलं तर कधी काळी गळलेल्या बॅटरीच्या पाण्यानं आतलं तांबं खाऊन टाकलेलं. नवी बॅटरी जोडायला धड जागा शिल्लक नव्हती. यंत्र सतत चालू ठेवावं, तर मुख्य विजेकडून चिपकडे जाणारी वाटही गंजून तुटलेली. आहे ती बॅटरी जाईल तोवर खरं.

"बाहेर अशी किती तरी माणसं आहेत," ठिणगी एकदा जिन्यात अडवून म्हणाली होती, "नाव सांगत नाहीत, पैसे घेत नाहीत, घरी बसून असली कुलपं उघडतात. अर्धी गेमिंगची दुनिया त्यांनी वाचवलीय. त्यांच्याकडे हे यंत्र दिलं असतं तर एव्हाना काम झालं असतं."

"झालं असतं. आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, चेष्टा करत नाहीये मी," वकीलबाई म्हणाल्या. "पण मागच्या दारानं आणलेली वस्तू मला पुढच्या दालनात मांडता येत नाही गं. कुणी बोट दाखवलं की ती परत तळघरात जाते, आणि या वेळी कायमची. मला धुणेवाली समोर हवी आहे, दिवाणखान्यात, राजरोस."

ठिणगीनं जिन्यातली वाट मोकळी करून दिली. वहिनीलाही हा खेळ हवाय, हे बहुधा तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

धनी शोधता शोधता वकीलबाई जिथे पोचल्या, ते ऐकून ठिणगीच्या भावाला जेवताना ठसका लागला. गेमची कंपनी एका खेळण्यांच्या कंपनीनं घेतली होती. खेळण्यांची कंपनी बुडाल्यावर तिची जागा, गोदाम आणि 'इतर सर्व काही' विकत घेतलं होतं न्हाणीघराच्या टाइल्स बनवणाऱ्या एका कंपनीनं. आणि त्या 'इतर सर्व काही'मध्ये, कुणालाही पत्ता नसताना, धुणेवाली उड्या मारत बसली होती.

टाइल्सच्या कंपनीला वकीलबाईंनी पुन्हा पुन्हा लिहून विचारलं, की या खेळाचा हक्क आपला आहे का? उत्तर आलं नाही. शेवटी संग्रहालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्या स्वतःच निघाल्या. ठिणगी मात्र सुट्टी असूनही तळघरात गेली होती. बॅटरीच्या मीटरचा काटा आदल्या दिवसापासून तिला आवडत नव्हता. तिच्या सोबतीला मालकीणबाई होत्या.

कंपनीच्या कचेरीत शिरायला वाट होती ती बेसिनांच्या आणि कमोडांच्या रांगेमधून. कायद्याचं काम पाहणारे साहेब नमुन्याच्या टाइल्सच्या ढिगाआड बसले होते. निळ्या फुलांची एक टाइल त्यांनी कागद उडू नयेत म्हणून ठेवली होती, तिच्या खाली वकीलबाईंची सगळी पत्रं होती.

"म्हणजे पोचली होती," वकीलबाई म्हणाल्या.

"पोचली ना. टपालखात्याला नावं ठेवू नका." साहेब गोल चेहऱ्याचे, बोलके होते. "बसा. सरबत घेणार? बाई, स्पष्ट बोलू का? मी 'हो, आमचा हक्क आहे' म्हटलं, तर वरचे विचारतील, मग इतकी वर्षं कुठे झोपला होतात? 'नाही' म्हटलं, तर विचारतील, आपली वस्तू कुणाला विचारून सोडलीत? तुम्ही प्रश्नच असा घातलाय, की हो म्हटलं तरी माझं मरण, नाही म्हटलं तरी माझंच."

वकीलबाई काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. ठिणगीचा होता.

"वहिनी, घाबरू नकोस." आवाज लांबून, एका सुरात येत होता. हलायची चोरी असलेल्या माणसाचा असावा तसा. "बॅटरी गेली. जायच्या आत मी दुसरी लावलीय. पण ती पक्की जोडली जात नाहीये, चिपच्या पायाला तिच्या तारेची सुई टेकवून धरलीय नुसती. चिमटा लावला तर पाय तुटेल. म्हणून हातानं धरून बसलेय."

"किती वेळ धरता येईल?"

"तू येईपर्यंत," ठिणगी म्हणाली. मग क्षणभरानं, "मावशींनी फोन माझ्या कानाला लावलाय. त्यांचा हात दुखतोय. ठेवते."

एवढंच. 'उघडू का' असं तिनं विचारलं नाही.

वकीलबाई फोन हातात घेऊन बसून राहिल्या. कुलूप उघडायचं सगळं सामान त्या खोलीत, ठिणगीच्या कोपराशेजारी तयार होतं, हे त्यांना माहीत होतं. इमारतीत फाटकावरच्या पहारेकऱ्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. काटा घसरायला लागला तेव्हाच तिनं हात चालवला असता, तर आत्तापर्यंत काम फत्ते झालं असतं आणि कुणाला कधी कळलंही नसतं. आणि ती पोर, जिनं घरातली एक वस्तू म्हणून झाकणासकट ठेवली नाही, ती एक सुई धरून बसली होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझी चूक झाली. प्रश्न चुकीचा होता. बदलते." त्यांनी टाइलखालचंच एक पत्र ओढून घेतलं, पालथं केलं आणि त्यावर लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर साहेबांपुढे सरकवलं.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "'या खेळावर आमच्या कंपनीचा काही हक्क असलाच, तर संग्रहालयानं जतनासाठी त्याचं कुलूप उघडावं, प्रत काढावी आणि आपल्या दालनात लोकांना तो खेळू द्यावा, यास आमची हरकत नाही. हक्क नसल्यास आमचं काही म्हणणं नाही.'" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे मी हो पण म्हणत नाही."

"आणि नाही पण म्हणत नाही."

"असलाच तर."

"असलाच तर."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. "बाई, तुम्ही आमच्याकडे या हो नोकरीला." सही करायला हात पुढे केला, पण तो मध्येच थांबला. "का हो, खेळ चांगला आहे का पण?"

"मी अजून खेळलेच नाहीये," वकीलबाईंनी कबूल केलं. "त्याच्यावरून भांडायलाच वेळ पुरला नाही."

साहेबांनी सही केली, शिक्का मारला, आणि जाताना ती निळ्या फुलांची टाइल भेट म्हणून त्यांच्या पिशवीत घातली. नको म्हणायला वकीलबाई थांबल्या नाहीत.

तळघरातली खोली लांबट होती, भिंतीला लागून उघडी पोटं घेऊन उभी असलेली यंत्रं, आणि टोकाला दिव्याखाली ठिणगी. डावा कोपर टेबलावर रोवलेला, उजव्या हातात सुई, नजर सुईच्या टोकावर. कपाळावरचा घाम मालकीणबाई रुमालानं टिपत होत्या. कुणी मूर्तीला न्हाऊ घालावं इतक्या जपून. वकीलबाई दारातच थबकल्या. ही तीच आहे का, जी पोळी संपेपर्यंत जागेवर बसत नाही?

"मिळाली?" ठिणगीनं मान न वळवता विचारलं.

"मिळाली. सहीशिक्क्यासकट."

ठिणगीनं डोळे मिटून उघडले, तेवढंच.

"सकाळी काटा घसरायला लागला तेव्हा मी हिला म्हटलं," मालकीणबाई दबक्या आवाजात सांगू लागल्या, "पोरी, दोन्ही हात मोकळे आहेत तोवर उघडून टाक. कोण बघतंय? तर मला म्हणते कशी, 'वहिनी बघत नाहीये ना, म्हणूनच.'"

वकीलबाई टेबलापाशी आल्या. "आता काय करायचं?"

"आता मला दोन्ही हात लागणार," ठिणगी म्हणाली. "मावशींचे थरथरतात. म्हणजे सुई तू धरायची."

"मी?"

"नाही तर काय दादाला बोलावू?"

वकीलबाईंनी पिशवी खाली ठेवली. बांगड्या मागे सारल्या. आयुष्यात त्यांनी कधी घरातला फ्यूजही बदलला नव्हता. मालकीणबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातात दुसरी सुई दिली. "ही त्याच बॅटरीची. तिच्या सुईच्या अगदी शेजारी टेकवा. दाबायची नाही. झोपलेल्या बाळाच्या गालाला हात लावतो ना, तशी. आणि तुमची लागल्याशिवाय ती तिची उचलणार नाही. आधी नवी, मग जुनी."

वकीलबाईंनी मनोमन देवाचं नाव घेतलं आणि सुई टेकवली.

"लागली?" ठिणगीनं विचारलं.

मालकीणबाईंनी मीटरकडे पाहिलं. "लागली."

ठिणगीनं आपली सुई उचलली. तिची बोटं तशीच वाकडी राहिली होती. तिनं ती दुसऱ्या हातानं एकेक सरळ केली, आणि कामाला लागली. इतके दिवस हात बांधून बसलेली ठिणगी वकीलबाईंनी आत्ता पहिल्यांदा काम करताना पाहिली. घाई नाही, एक हालचाल वाया नाही. तारा जोडताना ती पुटपुटत होती, चिपशीच बोलत असावी. "ये गं बाई, ये. भिऊ नकोस. परवानगी काढून आलोय आम्ही."

वकीलबाईंच्या नाकाला खाज सुटली. त्यांनी ती देवावर सोडली. खांदा भरून आला, पाठ दुखायला लागली, आणि त्यांना वाटलं, एवढ्यातच माझी ही गत, मग ही पोर किती वेळ बसली असेल? आणि त्या पलीकडची ही बाई, वर्षानुवर्षं?

"आली," ठिणगी म्हणाली. "किल्ली आली. दोनदा वाचली, दोन्ही सारख्या आहेत." मग तिनं संगणकाकडे वळून काही कळा दाबल्या. तिचा एम्युलेटर कधीचा तयार होता, सोंगाचे सगळे कपडे घालून, फक्त आत जीव यायची वाट बघत. पडद्यावर आधी ठिपके आले. मग ठिपके हलले, आपापल्या जागी गेले, आणि छतं उभी राहिली, दोऱ्या ताणल्या गेल्या, एक टुणटुणीत सूर वाजला.

मालकीणबाई पडद्याजवळ गेल्या. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, परीक्षकाची करडी नजर होती. "पुढे ने. तिसऱ्या छतावर." ठिणगीनं मुलीला तिसऱ्या छतावर नेलं. "आता थांब. मांजर डावीकडून यायला हवी. आणि यायच्या आधी सगळं जरासं अडखळायला हवं."

खेळ जरासा अडखळला. डावीकडून मांजर आली आणि मुलीच्या पायात घुसली.

"हीच!" मालकीणबाईंनी तोंडावर हात घेतला. "हीच ती मेली मांजर!" आणि मग त्या खुर्चीत बसून रडायला लागल्या, आणि रडता रडता मांजरीला शिव्या देत राहिल्या.

"वहिनी," थोड्या वेळानं ठिणगी म्हणाली, "सोडलीस तरी चालेल आता."

"नक्की? नवी लागली?"

"लागली गं. किल्ली आता जुन्या यंत्रातही परत भरता येईल मला. सोड."

वकीलबाईंनी सुई उचलली. बोटाच्या टोकाला तिचा खोल वळ उमटला होता. त्यांनी तो पुसला नाही, चोळलाही नाही.

"आता हा खेळ घरोघरी पाठवायचा का गं?" ठिणगीनं मुद्दाम साळसूदपणे विचारलं. "इंटरनेटवरून?"

"दालनात. कागदावर दालन लिहिलंय. बाहेर पाऊल टाकलंस तर बघ."

"आला लाल दिवा!"

"आला. आणि आता सरक तिकडे." वकीलबाईंनी खुर्ची ओढली आणि कळांवर हात ठेवला. धुणेवालीनं पहिली उडी मारली, एक मोजा धरला, दुसरा दिसला म्हणून वळली, आणि मांजर आडवी आल्यानं तोंडघशी पडली. ठिणगी खो खो हसली. मालकीणबाईंनी डोळे पुसत सांगितलं, की पहिल्या खेपेला सगळ्यांचंच असं होतं.

"परत लाव," लाल दिवा म्हणाला.